तीस फूट वर, दीडशे यार्ड लांब

महाल, नागपूर
पोळा

चि. भाचेराव यांस,

परवा फोनवर तू तुझ्या गोल्फच्या गेमचं जे गाऱ्हाणं सांगितलंस ते मी नीट ऐकलं, पण उत्तर मुद्दाम दिलं नाही. "मावशी, ग्रीन चढावर असलं की लांबच्या क्लबने मारलेला बॉल अलीकडेच पडून रायला, आणि वेजने मारला की पार पलीकडे जाऊन रायला. सूत्र तर मी एकच लावून रायलो!" पुण्यात इतकी वर्षं काढूनही तुझं 'रायला' गेलं नाही, याचा आनंद आधी नोंदवते. आता तक्रारीकडे वळते. आकड्यांचं बोलणं फोनवर टिकत नाही, कागदावर टिकतं. शिवाय उद्या मारबतीची मिरवणूक आहे. आज रात्रीपासून आपल्या गल्लीत कोणाला कोणाचं काही ऐकू येईल, ही आशाच नको. म्हणून हे पत्र.

तुझ्या ऑफिसातल्या मुलांनी तुला सूत्र दिलंय ते असं : तीन फुटांना एक यार्ड. ग्रीन ३० फूट वर असेल तर १० यार्ड वाढवायचे, ३० फूट खाली असेल तर १० यार्ड कमी करायचे. सूत्र वाईट नाही. पीजीए टूर २के हा गोल्फचा व्हिडिओ गेम खेळणारे पुष्कळ जण त्यावरच चालतात, आणि खऱ्या मैदानावरही ढोबळ हिशेब असाच करतात. पण तू ते पाढ्यासारखं पाठ केलंस आणि सगळ्या क्लबांना सारखंच लावलंस. तुझी तक्रार ऐकूनच मला कळलं की तुझी पॉवर ठीक आहे, टायमिंग ठीक आहे. गडबड सूत्रातच आहे. ते सूत्र एकाच कोनाला खरं आहे.

आता कोन म्हटलं की तू जांभई देणार, हे मला ठाऊक आहे. दहावीत दिली होतीस. तरी वाच.

सपाट मैदानावर बॉल १५० यार्डांवर पडतो, तेव्हा तो एका वाकड्या रेषेने खाली येत असतो. ती रेषा हवेत जशीच्या तशी ठेव आणि फक्त जमीन वर उचल, ३० फूट म्हणजे १० यार्ड. बॉल आता आधीच जमिनीला लागेल. किती आधी? तो शेवटी किती तिरका येत होता, त्यावर ते ठरेल. बरोबर ४५ अंशांत येत असेल, तर १० यार्ड उंचीला १० यार्ड अंतर कमी पडेल. तुझ्या मित्रांचं सूत्र हेच. पण बॉल जास्त आडवा येत असेल तर नुकसान वाढतं, आणि उभा कोसळत असेल तर घटतं. उंची भागिले टॅन, एवढंच. स्क्रीनवर दिसणारं एलिव्हेशन म्हणजे त्रिकोणाची एक बाजू. दुसरी बाजू तुला त्यावरून काढायची आहे, आणि त्यासाठी कोन हवाच.

हा कोन काय असतो, याचे मोजलेले आकडे आहेत. ट्रॅकमन नावाची डॅनिश कंपनी रडार लावून बॉलचं उड्डाण मोजते. पीजीए टूरवरच्या खेळाडूंची जी सरासरी तिने काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध केली, तीत ड्रायव्हरने मारलेला बॉल २७५ यार्ड उडून ३८ अंशांत खाली उतरतो. ३-वूडचा ४३ अंशांत. ७-आयर्नचा १७२ यार्डांवर ५० अंशांत, आणि पिचिंग वेजचा १३६ यार्डांवर ५२ अंशांत. आता या प्रत्येकाला तुझे ते ३० फूट लाव. ड्रायव्हरला जवळजवळ १३ यार्ड कमी पडतात, ३-वूडला पावणेअकरा, ७-आयर्नला साडेआठ, वेजला आठाच्याही आत. तू सगळ्यांना १० वाढवत होतास. म्हणजे लांबच्या क्लबला कमी औषध आणि वेजला जास्त. तुझी तक्रार अक्षरशः याच आकड्यांतून निघते. मला त्यात गंमत वाटली, तुला बहुधा राग येईल.

त्याच तक्त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. ड्रायव्हरपासून वेजपर्यंत कुठलाही क्लब घे, बॉल सगळ्यांत वर जातो तो साधारण ३० यार्डच. ड्रायव्हर ३२, ७-आयर्न ३२, वेज २९. नव्वद फूट, म्हणजे नऊ मजली इमारत. आपल्याला वाटतं वेजचा बॉल आभाळात जातो आणि ड्रायव्हरचा जमिनीलगत पळतो. तसं काही नाही. उंची तीच, फक्त ती किती अंतरात चढायची आणि किती अंतरात उतरायची यात फरक. वेजला तेच शिखर निम्म्या अंतरात चढून उतरायचं असतं, म्हणून तो उभा पडतो.

आता लॉफ्ट. तुझा दुसरा घोळ इथे आहे. ७-आयर्नच्या पात्याला ३०-३४ अंशांचा कल असतो, म्हणून बॉल ३४ अंशांत उडतो असं तू धरून चाललास. त्याच तक्त्यात ७-आयर्नचा बॉल १६ अंशांच्या आसपास उडताना दिसतो. मारताना हात पात्याच्या पुढे असतात, त्याने पात्याचा कल कमी होतो. शिवाय पातं खाली येता येताच बॉलला भिडतं. मग १६ अंशांत उडालेला बॉल ५० अंशांत कसा उतरतो? शाळेतल्या पुस्तकातला दगड जितक्या कोनात वर जातो तितक्याच कोनात खाली येतो, कारण पुस्तकात हवा नसते. गोल्फचा बॉल मिनिटाला ७,००० फेरे उलटे फिरत असतो. त्या फिरण्याने हवा त्याला वर उचलून धरते, आणि तिचाच विरोध त्याचा पुढचा वेग खाऊन टाकतो. शेवटी पुढे जायला जोर उरत नाही आणि तो जवळजवळ उभाच खाली येतो. चांगल्या गेममध्ये हे सगळं गणित आत चालू असतं. म्हणून तुला डोळ्यांनी दिसणारी चढती रेषा फसवी असते. ती बघून चढाचा अंदाज बांधू नकोस. उतरती बाजू बघ.

लॉफ्ट म्हणजे काय आणि कधी वाढवायचा, हे तुला लहानपणीच कळलेलं आहे, फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं. आपल्या जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आजी उभी असायची, आणि तू गल्लीतून तिला किल्ल्यांचा जुडगा फेकायचास. जोरात सरळ फेकलास की तो कठड्याच्या गजांवर खणकन आपटून नालीत. उंच झेल देऊन फेकलास की तिच्या पदरात. किल्ली तीच, अंतर तेच. वर असलेल्या जागी नेमकं पोचायचं असेल तर उतरताना रेषा उभी हवी. पण त्याची किंमतही तू तेव्हाच मोजायचास : उंच फेकायला जास्त जोर लागायचा.

गेममध्ये ही किंमत अशी मोजावी लागते. लॉफ्टचं टिंब वर सरकवलंस की बॉल उंच जातो, उभा पडतो, पण एकूण अंतर घटतं. खाली सरकवलंस की अंतर वाढतं आणि बॉल आडवा येऊन पळत सुटतो. यातून एक क्रम आपोआप ठरतो, आणि तू नेमका तोच उलटा करतोस. तू आधी एलिव्हेशन बघून यार्ड वाढवतोस, मग क्लब घेतोस आणि शेवटी झाड मध्ये येतंय म्हणून लॉफ्ट वर करतोस. लॉफ्ट बदलला त्याच क्षणी आधीचे दोन्ही हिशेब खोटे झाले. अंतर घटलं, हे एक. आणि बॉल आता उभा पडणार म्हणून चढाची भरपाईही कमी लागणार, हे दुसरं. म्हणून आधी ठरव, बॉल कशा रेषेने जायला हवा. मध्ये झाड आहे का, ग्रीनच्या तोंडाशी बंकर आहे का, पडल्यावर पळायला जागा आहे का. रेषा ठरली की लॉफ्ट ठेव. मग त्या लॉफ्टने तुझा क्लब सपाटीवर किती जातो ते बघ. काही गेम टिंब हलवताच क्लबचं अंतर बदलून दाखवतात, काही दाखवत नाहीत. तुझा कुठला आहे ते आधी तपास. चढउताराचा हिशेब या सगळ्याच्या शेवटी.

कमी उंचीवरून जास्त उंचीवर मारा करण्याचं गणित आपल्या शहराला नवीन नाही, हे एवढं जाता जाता. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. तिथे दोन टेकड्या, एक धाकटी, एक थोरली. २७ तारखेच्या सकाळी नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्या अरब सैनिकांनी धाकटी टेकडी इंग्रजांकडून हिसकावली आणि तिच्यावरून थोरलीवर तोफा डागल्या. त्या काळी तोफेच्या बुडाखाली लाकडी पाचर मागेपुढे सारून तोंड वर-खाली करत. स्क्रीनवर एलिव्हेशनचा आकडा नाही, वाऱ्याचा बाण नाही, आणि चुकलं तर 'रिट्राय' नाही. पुढे ती टेकडी हातची गेली आणि महालातलं राज्यही गेलं, ती वेगळी हकिगत.

आता एक फटका पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवते. पेन्सिल घे.

झेंडा १५० यार्डांवर. ग्रीन ३० फूट वर. वारा समोरून, ताशी १० मैल. ग्रीनच्या तोंडाशी बंकर. ट्रॅकमनच्या त्याच सरासरीत ९-आयर्न १४८ यार्ड जातो, ८-आयर्न १६०, ७-आयर्न १७२. सपाटीवर, वारा नसताना तू ९-आयर्न घेतला असतास आणि झेंड्याजवळ पडला असतास. चढाची भरपाई साडेआठ-नऊ यार्ड, म्हणजे १५९. नऊ का म्हणतेय ते पुढे सांगते. झाला ८-आयर्न. समोरच्या वाऱ्यासाठी ढोबळ ठोकताळा असा आहे की ताशी एका मैलाला शेकडा एक यार्ड. म्हणजे १५९ चे सोळा. झाले १७५. झाला ७-आयर्न, आणि तोही पूर्ण ताकदीने. स्क्रीनवर १५० लिहिलंय आणि तुझ्या हातात १७२ यार्डांचा क्लब आहे. तुझं मन ओरडून सांगेल की हा बॉल ग्रीनच्या मागे जाणार. मनाचं ऐकू नकोस, बेरीज केलेली आहे.

इथेच तुला लॉफ्ट वाढवायचा मोह होईल. बंकर आहे, ग्रीन उंच आहे, बॉल हळूच टेकवू, वगैरे. समोरचा वारा असताना हा मोह आवर. उंच गेलेला बॉल जास्त वेळ हवेत राहतो आणि तेवढा वेळ वारा त्याला मागे ढकलत राहतो. शिवाय समोरच्या वाऱ्यात बॉल मुळातच जास्त उभा पडतो, ते काम वाऱ्यानेच फुकटात करून दिलेलं असतं. लॉफ्ट मधोमध ठेव, जमलं तर केसभर खाली, आणि क्लब मोठा घे. वारा मागून असेल तर उलट. तेव्हा बॉल आडवा होऊन पळतो, तेव्हा लॉफ्ट वर करण्यात अर्थ आहे.

नऊ का, ते आता. बॉल उतरताना एकाच कोनात उतरत नाही, खाली येता येता जास्त जास्त उभा होत जातो. ५० अंश हा कोन अगदी जमिनीला टेकतानाचा. ग्रीन वर असेल तर बॉलला त्याच्या आधीच, अजून थोडा आडवा असतानाच, गाठलं जातं. म्हणून चढावर भरपाई तक्त्यातून निघते त्याहून थोडी जास्त. ग्रीन खाली असेल तर बॉल ५० अंश ओलांडून आणखी उभा होतो, म्हणून उतारावर वजाबाकी थोडी कमी. ३० फूट चढ जेवढं घेतो तेवढं ३० फूट उतार परत देत नाही. तुझं सूत्र दोन्हीकडे सारखं होतं. याचा आणखी एक परिणाम तुझ्या कामाचा आहे : चढावरच्या ग्रीनवर बॉल थोडा आडवा पडतो, म्हणजे टप्पा पडल्यावर पुढे जायला बघतो, उतारावरच्या ग्रीनवर तो धप्पकन बसतो. फक्त ग्रीनचा स्वतःचा उतार तुझ्याकडे झुकलेला असेल, तर ते पळणं तिथेच मरतं.

यावरून आठवलं. तू तीन वेगवेगळ्या उतारांना एकच समजतोस. एक, तू उभा आहेस तिथून बॉल पडायची जागा किती वर किंवा खाली. दुसरा, तुझ्या पायाखालची जमीन. तिसरा, बॉल पडतो तिथली जमीन. एलिव्हेशनचा आकडा फक्त पहिल्याचा असतो. पायाखाली चढ असेल तर पात्याचा कल आपोआप वाढतो, बॉल उंच आणि आखूड जातो. पायाखाली उतार असेल तर तो घटतो आणि बॉल खालून लांब जातो. बॉल पावलांपेक्षा उंच जागी असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल डावीकडे ओढला जातो, आणि जितका लॉफ्ट जास्त तितकी ही ओढ जास्त. वेज हातात असताना हे विसरलास तर अंतर अचूक आणि बॉल डावीकडच्या बंकरात, अशी शोभा होते. गेम पायाखालचा उतार वेगळ्या चिन्हाने दाखवतो, तिकडे नजर टाकायची सवय लाव.

पहिल्या उताराबद्दलही एक खोच आहे. बऱ्याच गेममध्ये एलिव्हेशनचा आकडा झेंड्याचा नसतो, तुझ्या नेमाच्या खुणेचा ठिपका जिथे असेल तिथला असतो. ठिपका झेंड्यावर आणि बॉल पडणार ग्रीनच्या तोंडाशी, असं असलं की मधल्या चढाचे फूट फुकट धरले जातात. ठिपका बॉल पडायच्या जागी आण, तिथला आकडा वाच, मग पळण्याचा अंदाज वेगळा कर. आणि डोळ्यांवर विसंबू नकोस. सपाट पडद्यावर चढउतार मरतात. ऑगस्टा नॅशनलचा दहावा होल टीपासून ग्रीनपर्यंत शंभर फुटांच्या आसपास उतरतो. दर एप्रिलला मास्टर्स टीव्हीवर बघणाऱ्याला तो साधा वळणाचा रस्ता वाटतो.

तू म्हणशील, मावशीला या त्रिकोणांचं वेडच आहे. असेल. पण ज्या माणसाने या देशाची लांबी-रुंदी त्रिकोणांनीच मोजायला घेतली, तो आपल्या शेजारीच गेला. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासहून मोजणी सुरू केली आणि १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर असताना हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. कबरही तिथेच आहे. दूरच्या डोंगराची उंची काढायची तर अंतर आणि कोन हवा. तुझ्याकडे उंची आणि कोन आहे, अंतर काढायचंय. त्रिकोण तोच, फक्त उलटा धरलेला. त्या मोजणीचा दगड तू लहानपणी शंभरदा पाहिलास, झिरो माइलच्या घोड्यांवर चढायचा हट्ट करायचास तिथेच. त्याच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, १०२० फूट आणि वर काही.

ही उंची मात्र तुझ्या फटक्याच्या हिशेबात धरू नकोस. तुझ्या मित्राने 'नागपूर हजार फुटांवर, म्हणून तिथे हजार फुटांचं करेक्शन' असं काहीतरी सांगितलं म्हणे. समुद्रापासूनची उंची वाढली की हवा विरळ होते आणि बॉल जरा लांब जातो, एवढाच तिचा संबंध. हजार फुटांवर तो फरक शेकडा एकाच्या घरातला. गुलमर्गच्या मैदानावर, साडेआठ हजार फुटांच्या वर, तो जाणवण्याइतका होतो. पण तुझ्या पायांपासून ग्रीन किती वर, हा प्रश्नच वेगळा आहे. गच्चीवर उभं राहून गच्चीवरच चेंडू फेकला तर गच्ची कितव्या मजल्यावर आहे याने काही बिघडत नाही.

उताराचाही एक फटका करून टाकू, म्हणजे तुझी वही पूर्ण होईल. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचचा सातवा होल कित्येक गोल्फ गेममध्ये आहे, तू तो समुद्राच्या देखाव्यासाठी खेळतोस आणि दर वेळी बॉल पाण्यात घालतोस. होल जेमतेम १०६ यार्डांचा. ग्रीन टीपेक्षा ४० फुटांच्या आसपास खाली. मित्रांच्या सूत्राने तेरा यार्ड वजा, म्हणजे ९३. वेज तिथे ५२ अंशांच्याही पुढे जाऊन कोसळणार, म्हणून खरी वजाबाकी दहाच्या आसपास : ९६ चा फटका. तीन यार्डांनी काय होतं, असं म्हणू नकोस, ते ग्रीन केवढंसं आहे ते तू पाहिलंयस. आणि उतारावर बॉल जास्त वेळ हवेत असतो, तेवढा वेळ समुद्राचा वारा त्याच्याशी खेळतो. म्हणून उताराच्या होलवर वाऱ्याला नेहमीपेक्षा जास्त भाव दे. तिथे मी लॉफ्ट कधीच वाढवत नाही. देखणा दिसतो फटका, बॉल सापडत नाही.

हे सगळे आकडे मी व्यावसायिक खेळाडूंचे दिले. तुझ्या गेममधला तुझा खेळाडू, त्याचे क्लब, तू निवडलेली पातळी, यांनी ते बदलतील. म्हणून तक्ता माझा घेऊ नकोस, पद्धत घे. सरावाच्या मैदानावर जा, वारा बंद कर. चारच क्लब निवड : ड्रायव्हर, ५-आयर्न, ८-आयर्न, वेज. लॉफ्ट मधोमध, ताकद पूर्ण. आधी सपाटीवर हवेतलं अंतर लिही, पळून थांबल्यावरचं नाही. मग ज्या होलवर साधारण ३० फुटांचा चढ आहे तिथे, मग तेवढाच उतार आहे तिथे. प्रत्येक क्लबचे तीन आकडे झाले. मधले क्लब त्यांच्या अधेमधे बसतात. मग फक्त वेज आणि ८-आयर्न घेऊन लॉफ्ट पूर्ण वर करून तेच पुन्हा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वारा आणि लॉफ्ट दोन्ही एकदम बदललेस तर नोंद फाडून टाक. इंटरनेटवर तयार तक्ते मिळतात, ते आण पाहिजे तर, पण आपल्या वहीशी ताडून बघितल्याशिवाय मॅचमध्ये वापरू नकोस. दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेतून उतरवून काढणारे मी वर्गात बरेच पाहिलेत. पायऱ्या बरोबर आणि उदाहरण भलतंच.

पटिंगबद्दल विचारलं होतंस. तिथे बॉल उडतच नाही, तिथे हे काही लागू नाही. तो गवताच्या वेगाचा प्रश्न, पुढच्या पत्रात.

पुण्यात बावधनच्या पलीकडे डोंगरउतारावर खरं गोल्फ मैदान आहे. कधी ऑफिसातल्या कोणाबरोबर गेलास तर लक्षात ठेव, गेम तुला जे फुकट देतो ते तिथे नियमाने मिळत नाही. गोल्फच्या नियम ४.३ प्रमाणे यंत्राने अंतर मोजता येतं, पण फेरी चालू असताना यंत्राने चढउतार मोजायला मनाई आहे. दुर्बिणीसारखं यंत्र असेल तर त्यातली उताराची सोय बंद ठेवावी लागते. चढ डोळ्यांनी आणि पायांनीच ओळखायचा. म्हणजे तिथे त्रिकोणाच्या दोन्ही बाजू अंदाजाने, आणि बॉल महागाचा.

रविवारी रात्री नऊनंतर मी ऑनलाइन असते. पेबल बीच लाव, वारा चालू ठेव, आणि आकडे मोठ्याने म्हणत मार, म्हणजे कुठे घसरतोस ते मला कळेल. महालक्ष्म्यांना येशील तेव्हा एक जादा कंट्रोलर घेऊन ये; इथल्या एकाचं लॉफ्टचं बटण अडकतं आणि दुकानदार म्हणतो नवाच घ्या. आईला नमस्कार सांग. पुरणाची डाळ शिजत लावलीय, शिट्ट्या मोजायच्या आहेत.

तुझी,
मावशी